हार घातलेला फोटो आणि पहिलं पान

परळीत आमचं कोयत्यांचं दुकान आहे, मागं भट्टी. ऊसतोडीला निघालेल्या टोळ्या दसऱ्याच्या सुमाराला कोयते घ्यायला येतात. माझा कोयता एकदा हातात धरलेला माणूस दुसऱ्या दुकानाची पायरी चढत नाही, हे मी छाती ठोकून सांगतो. कुणाला बढाई वाटली तर वाटो.

तर पुण्यातली नोकरी सोडून लेक घरी आली आणि म्हणाली, "आप्पा, मला आपलं दुकान चालवायचंय." मी भडकलो. अंबाजोगाईला ठेवून शिकवली ती काय भट्टीसमोर बसायला? पण तीही माझीच लेक, हटेना. शेवटी ठरलं. तिनं दुकानाची वेबसाइट काढायची, आणि खंडेनवमीपर्यंत कुणीही फोनवर 'ऊसतोडीचा कोयता' शोधलं की आमचं दुकान पहिल्या पानावर दिसलं पाहिजे. दिसलं तर दुकान तिचं. नाही तर गुमान पुण्याची गाडी धरायची.

पोरगी दिवसभर खपायची. कोणत्या उसाला कोणता कोयता, मूठ कशी बसवायची, धार कशी राखायची, सगळं मला विचारून विचारून तिनं साइटवर लिहिलं. तरी साइट तिसऱ्या पानावरच. मला लई वाईट वाटायचं, पण तोंडानं कसं बोलणार? म्हटलं, गुपचूप आपणच हातभार लावू.

भावकीत बारसं होतं. तिथं माझा सत्कार झाला, तर तो हार गळ्यात असतानाच फोटो काढून घेतला आणि लेकीनं दुकानासाठी काढलेल्या फेसबुक पेजवर टाकला. मग माईक घेऊन पाव्हण्यांना दटावलं, "आमच्या पेजवर अंगठा दाबल्याबिगर कुणी पंगतीला बसायचं न्हाई!"

आता आमच्याकडची रीत अशी, की हार घातलेल्या एकट्या माणसाचा फोटो दिसला की बोटं आपोआप चालतात. वाचतो कोण? बारशाला न आलेल्या एका मावसभावानं आधी लिहिलं, भावपूर्ण श्रद्धांजली. त्याच्या मागं रांगच लागली. दुसऱ्या दिवशी एका टोळीचा मुकादम टोपी हातात घेऊन भेटायला आला. दार मीच उघडलं. बिचारा मटकन खालीच बसला.

लेक हसून हसून बेजार झाली. मग डोळे पुसत म्हणाली, "आप्पा, नुसत्या अंगठ्यांनी साइट वर जात न्हाई. लोकांना काही कामाचं दिसलं पाहिजे. ते त्यांनी दुसऱ्याला पाठवावं, आपल्या दुकानाचं नाव घेऊन शोधावं, दुसऱ्या साइटनं आपल्याकडं बोट दाखवावं. तवा कुठं वर चढतंय."

माझं डोकं आधीच तापलेलं. म्हटलं, "धर तो फोन!"

कोयता उचलला आणि ऐरणीपाशी उभा राहिलो. "मी जिता हाय बे! कावून मारायलेत मला? आन् आता कोयता कसा वळखायचा तेबी ऐका." ऐरणीच्या कडेवर पातं हलकं वाजवलं. खणखणीत आवाज आला. "असा वाजला तर घ्या. भद्द वाजला तर त्याला पाणी नीट पाजलेलं न्हाई, फडात धार मुडपंल आन् मनगट जाईल तुमचं!" आणखी बरंच बोललो. लेकीनं शिव्या तेवढ्या कापल्या, बाकी जसंच्या तसं टाकलं.

टोळ्यांच्या ग्रुपवर व्हिडिओ फिरायला लागला. बीडकडच्या पालीहून फोन आला, पार कर्नाटकातूनही आला. लोक दुकानाचं नाव टाकून शोधू लागले, आणि साइटवर आले की लेकीनं लिहिलेलं वाचत थांबू लागले. शेतीची माहिती देणाऱ्या एका साइटनं तर तिच्या लिखाणाची लिंकच दिली. मी लोकांना नुसतं दारापर्यंत आणलं होतं, त्यांना बसवून घेतलं ते तिनं.

खंडेनवमीला कोयते मांडून पूजा केली. लेकीनं फोन माझ्यापुढं धरला. पहिलं पान, वरून तिसरं नाव आमचं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धुरानं आलं म्हणायचीही सोय नव्हती, त्या दिवशी भट्टी बंद असते.

तेवढ्यात दुकानाचा फोन वाजला. कुणी अनोळखी मुकादम होता. "मालक हायेत का?"

सारा जन्म या प्रश्नाला मी "बोला, मीच" म्हणत आलो.

"हायेत की," म्हटलं, "देतो." आणि फोन लेकीच्या हातात दिला.