पहिली जिलेबी चंपीची

दुसरबीडच्या बाजारात पुंजाजीच्या कढईतली पहिली जिलेबी कधी गिऱ्हाईकाला मिळाली नाही. ती चंपीची, म्हणजे खुंट्याला बांधलेल्या शेळीची. बापाने घालून दिलेला नेमच होता, "मुक्या जिवानं खाल्लं, की मंग माणसानं खावं." चंपी रवंथ करू लागली की पुंजाजी तराजू हाती घेई.

त्या दिवशी रंगाची नेहमीची डबी मिळाली नाही. फिरत्या विक्रेत्याकडून त्याने सुटी पुडी घेतली. जिलेबी अशी झळाळली, जणू पडदा सरकून दिवे लागले.

"पुडीवर नाव नाही का गाव नाही," त्याची बायको रुखमाबाई पुटपुटली.

"रंग उंदरांवर तपासूनच बजारात येते. तू काऊन भिऊन राह्यली? अन् चंपी हाये ना."

चंपीने खाल्ली, रवंथही केला. मग नातीने, छकुलीने, दोन हाणल्या, आजीच्या लुगड्याला बोटं पुसली आणि ती गोणपाटावर झोपली.

उन्हं कलली तेव्हा चंपी खाली बसलेली दिसली. रवंथ बंद. ओठांवर भगवा फेस. पाला पुढे धरला तर तिने मान फिरवली.

पुंजाजी गोणपाटाकडे वळला. छकुलीकडे बघायची छाती होईना. शेवटी वाकला. पोरीचे ओठही तसेच, भगवे.

"छकुले, ऊठ माय."

पोर हलेना. रुखमाबाईने खांद्यावर टाकली तेव्हा कुठे कुरकुरली, "आबा, झोपू द्या नं."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिचं पोट दाबून पाहिलं. "आत्ता तरी काही दिसत नाही. रंग कोणता होता?"

पुंजाजीने बिननावाची पुडी पुढे केली.

"उंदरांवर तपासतात हो, पण नाव असलेला रंग. तोही महिनोन्महिने खाऊ घालून. तुम्ही शेळीला किती वेळ पाहिलं?"

"रवंथ करेपर्यंत," तो म्हणाला.

उरलेली जिलेबी त्याने खड्ड्यात पुरली. विकलेली घरोघर गेली होती. त्या उंबरठ्यांवर तो विचारत फिरला, "कोणाचं पोट दुखते का?" चंपी सकाळी उठली. मैदा बाधला की रंग, कोण सांगणार?

पुढच्या बाजारी जिलेबी बिनरंगाची होती. "काय हो पुंजाजी, जिलेबीचं रगत आटलं काय?" एकजण म्हणाला. सगळे हसले. पुंजाजीने चंपीला पाला टाकला आणि पहिली जिलेबी स्वतःच खाल्ली.

छकुलीने हात पुढे केला.

"थांब," तो म्हणाला.

"कवापर्यंत, आबा?"

पुंजाजी तिच्या ओठांकडे बघत राहिला.