ताईच्या आवाजापुरती जागा

खापरखेड्याच्या कॉलनीत गणपतीच्या कार्यक्रमात ताई गायची आणि मी गिटार वाजवायचो. लग्नानंतर ती कॅनडाला गेली. परवा बेसा भागातल्या माझ्या घरी नव्या डिजिटल अ‍ॅम्पवर गिटारच्या लीडचा टोन बसवत होतो. गेन वाढवला, डिलेचा प्रतिध्वनी जरासा ठेवला, पण मिड, म्हणजे मधल्या सुरांचा पट्टा, मात्र सवयीनं कमीच केला, कारण ताईचा आवाज त्याच पट्ट्यात असायचा. ऐकवायला तिला फोन लावला.

"इतकं दबून काहून वाजवून राहिला रे?"

"तुले गाता यावं म्हणून."

ती हसली आणि गायलाच लागली. मी साथ धरली, पण फोनवरून तिचा सूर दर वेळी क्षणभर उशिरा पोचायचा. मी थांबून पाहिलं, तिनं थांबून पाहिलं; जमेना. शेवटी तिनं आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि मी गिटार मांडीवर तशीच ठेवून सांगत बसलो.