वायरलेसमधली रिकामी जागा

बेटेगावच्या पुंडलिकचं बोईसरला दुरुस्तीचं दुकान आहे. खारी हवा तांबं हिरवं करून टाकते, पण पुंडलिकने साफ करून दिलेला बोटीचा वायरलेस दर्यावर दगा देत नाही, असं मुरब्याच्या कोळीवाड्यात सगळे मानत. त्या मानाचा त्याला अभिमान होता.

श्रावण सरता सरता आत्माराम तांडेल आला आणि सेट टेबलावर ठेवून म्हणाला, "दुसऱ्याचं ऐकू येतं, आपलं कोणाला जात नाय. इंजिन बंद पडलं, बोंबलून घसा बसला. जावयानं काठीला बनियन बांधून हलवला, तवा दुसऱ्या बोटीनं बघितलं. नायतर आमी गेलोच होतो!"

पुंडलिकने झाकण उघडलं. पाठीमागच्या पत्र्याजवळ एक जागा रिकामी होती. पांढऱ्या लेपाचा डाग आणि तीन स्वच्छ भोकं. इतकं स्वच्छ काम कोणाच्या हातचं, हे त्याला कळायला वेळ लागला नाही.

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठायच्या आदल्या दिवशी दुसऱ्या एका बोटीच्या सुजीतचा सेट अडला होता आणि मुंबईचा माल आला नव्हता. साफ करायला आलेल्या, फळीवरच्या आत्मारामच्या सेटमधून आवाज बाहेर पाठवणारा ट्रान्झिस्टर काढून पुंडलिकने सुजीतचं काम भागवलं. नवा आला की लावू, असं मनाशी म्हणाला. पण तो जेवायला गेला असताना आत्मारामची बायको दमयंती शेजारच्या दुकानदाराला सांगून सेट घेऊन गेली. जेट्टीवर बटण दाबलं, आवाज आला, नारळ फुटला. ऐकू येतं म्हणजे सेट बरा, हीच सगळ्यांची पारख. पुंडलिकने फोन करायला हवा होता. आज करू, उद्या करू म्हणत त्याने तो केलाच नाही.

"पार्ट गेलाय," तो म्हणाला.

"गेला? पाय फुटलं त्याला? त्या पालघरच्या ललितचं काम! मधी माइकची वायर बदलायला दिला, त्यात हात मारलान. मच्छीमार सोसायटीत सांगून आलोय, मुरब्याचा एकबी सेट त्याला द्यायचा नाय."

पुंडलिक झाकणाचे स्क्रू ओळीत मांडत बसला.

"कुठला पार्ट, कळंल का?"

"बघतो."

पार्टचा नंबर त्याला पाठ होता. तरी त्याने भिंग घेतलं, तसलाच दुसरा बोर्ड शेजारी मांडला, एकेक जागा बोटाने ताडून पाहिली. आत्माराम कौतुकाने म्हणाला, "तुमच्यासारखा डोळा नाय कोणाला." पुंडलिकने भिंग खाली ठेवलं.

डबीतला नवा ट्रान्झिस्टर त्याने लेप लावून बसवला, तिन्ही पाय सोल्डरने डाकले.

"जेट्टीवर येतो. बोलून बघायला पाहिजे."

मुरब्याला भरती चढत होती. सेट बोटीत लागला. आत्मारामचा जावई कुशल माइक घ्यायला पुढे आला. पुंडलिकने दिला नाही. त्याने बटण दाबून धरलं. त्या चॅनलवर गावच्या साऱ्या बोटी असतात, हे त्याला ठाऊक होतं.

"मी बोईसरचा पुंडलिक बोलतोय. आत्मारामभाऊंच्या सेटमधला पार्ट मी काढला होता. सांगितलं नाही. ललितचा यात काही हात नाही."

बटण सुटलं. सेटमध्ये नुसती खरखर राहिली.

मग लांबून कोणीतरी बोललं, "ऐकू आलं. आमाला सगळ्यांना आलं."

आत्मारामने माइक त्याच्या हातातून काढून घेतला. "उतरा आता," तो म्हणाला. "पाणी चढलंय, आमाला निघायचंय."