पाळण्याला बांधलेला फोन

साल २०१९. मी सहासष्टचा. तेव्हाची ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही — घरात नाही, पार्कातल्या दोस्तांत नाही. तुम्हालाच सांगतोय.

शाळा चौथीपर्यंत. पण रेल्वेत कीमन होतो — खांद्यावर हातोडा, रोज रूळ तपासत मैलोन्‌मैल चाल. भुसावळहून बदलीवर जयपूरला आलो, इथलाच झालो. चालण्यात मला मागं टाकणारा माणूस मी पाहिला नाही. हे आजही छाती ठोकून सांगतो.

मुलानं माझ्या आणि माझ्या बायकोच्या, शांताच्या, फोनात पावलं मोजणारं अ‍ॅप टाकलं. संध्याकाळी चहाला तो दोघांचे आकडे वाचायचा. अ‍ॅप कसं, विचाराल? जो पुढं, त्याला ते खरं वाटतं. जो मागं, त्याला खोटं. मला अगदी खरं वाटायचं.

मग गुडघा सुजला. सांगणार कुणाला — कीमनचा गुडघा? सकाळी फिरायला म्हणून निघायचो, पार्कात बाकावर बसून यायचो. मुलगा-सून शहराच्या झालाना भागात ऑफिसला, शांता दुपारी आडवी झालेली, नात माझ्याकडं. एक दिवस फोन पाळण्याला बांधला आणि दोरी ओढत बसलो. नात झोपली. माझी सहा हजार पावलं झाली! फोननं वर शाबासकी दिली.

तरी एका संध्याकाळी शांता पुढं गेली.

"बाबा, हारलात!" मुलगा ओरडला.

"कीमनची बायको आहे मी," ती म्हणाली. पोरीसारखी हसली.

मला ते सोसलं नाही. म्हणालो, "ऑटोत बसून सांगानेरला गेली असशील. धक्क्यांनी पण मोजतं ते. नुसतं हलवलं तरी फसतं — मला ठाऊक आहे."

कसं ठाऊक — कुणी विचारलं का?

"मतलब, आई, चीटिंग?" मुलगा हसत सुटला.

तिची साखर चालण्यानं उतरत होती. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. माहीत असून बोललो. ती दारातल्या आपल्या झिजलेल्या चपलांकडं बघत राहिली. मग फोन मुलापुढं केला. "काढून टाक ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या चपला दारातच होत्या. मी माझ्या घातल्या, पार्कात गेलो, बाकावर बसलो. घरी आलो. दुपारी शांता आडवी झाली, नात जागी होती. फोन पाळण्याला बांधला आणि दोरी ओढली.