मागचं तोंड

आखाजीच्या सणानंतरचा मंगळवार, सकाळ. देऊळघाटचा माळ. हजर: कापसाच्या जिनिंगचे मालक, त्यांचा वैमानिक, पत्र्याचं काम करणारा महादू मिस्त्री, आणि मी, बापू, जिनिंगचं भांडार सांभाळणारा. उरलेल्या तिघांना जे ठाऊक नाही, ते मी आजवर घरीसुद्धा बोललेलो नाही.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर मालकांनी एक जुनं दोन माणसांचं विमान घेतलं होतं. आमच्याकडच्या उन्हात त्याचं इंजिन फार तापायचं. पुढून वारा शिरायचा, पण इंजिनावरच्या पत्र्याच्या टोपाला हवा बाहेर जायची फट मागे, आणि ती अरुंद. गरम हवा आतच कोंडायची. वैमानिकानं मला सांगितलं, मागची फट वाढवा. मी सवयीप्रमाणे कामांच्या यादीत थोडक्यात लिहिलं: "टोपाचं तोंड दोन बोटं वाढवणे." मिस्त्रीला वाचता येत नाही, तेवढंच वाचून दाखवलं. आता सांगा, तोंड म्हटल्यावर मागे कोण बघेल? त्यानं पुढचं वाढवलं. आणि किती सफाईनं!

आत हवा आणखीच कोंडली, आणि त्या मंगळवारी विमान धूर काढत नांगरलेल्या वावरात उतरलं. वैमानिक वाचला. मालकांनी यादी मागितली. ती आणायला मी गेलो आणि — "तोंड"च्या आधी एक शब्द घुसवला. "मागचं." शाई वाळावी म्हणून फुंकर घातली. हो, फुंकरसुद्धा.

मालकांनी मोठ्यानं वाचलं. मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता बोलेल.

"बापूच्या कागदात हाय, म्हंजे मीच चुकलो असीन," तो म्हणाला. "मले कमी आयकू येऊन राह्यलं."

मग त्यानंच मागची फट कापली. शिवाय, कुणी न सांगता, धुराड्याची कड वळवावी तशी तिची कड बाहेर वळवली. बाहेरून जाणारा वारा आतली हवा ओढू लागला. इंजिन पुन्हा तापलं नाही. टोप नीट करेल त्याला विमानात बसवायचं ठरलं होतं. यादीत बरोबर लिहिलं होतं म्हणून मालकांनी मला बसवलं. मिस्त्री खालून हात हलवत होता.

उतरल्यावर त्यानं विचारलं, "बापू, वरून माहं घर दिसलं काय?"

मी हो म्हणालो. मी डोळे मिटून बसलो होतो.

तेव्हापासून सगळे त्याच्याशी ओरडून बोलतात. मीही. यंत्राचा पट्टा सैल झाला तर तो फाटकातूनच आवाजावरून ओळखतो — असा बहिरा असतो का?

दर सोमवारी नवी यादी करतो. शेवटची ओळ जुनीच उतरवतो: "मिस्त्रीला सांगणे." आजची बाकी कामं झाली.