तिनं मोजे काढले नाहीत

सासूनं माझे पाय धुतले. भरल्या चर्चमध्ये, गुडघे टेकून. लोकांचे डोळे पाणावले. माझ्या अंगाची आग आग झाली.

पेनसिल्व्हेनियातलं मेनोनाइट चर्च. साधे कपडे, साधं जेवण, युद्धाला नकार आणि नम्रता, हा या ख्रिस्ती लोकांचा बाणा. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी बायका जोडीजोडीनं बसतात. हिनं तिचे पाय धुवायचे, मग तिनं हिचे. शेवटी गळाभेट. रीत मला आवडली होती. म्हणून तर नवी सून असून, बौद्ध असून, मी बसले.

माझे पाय पुसून झाले. मी खाली बसले, पाण्याचा टब तिच्याकडे ओढला. बघते तर तिनं मोजेच काढले नव्हते.

"नको, हनी. आज तू फक्त घे."

आणि उठून सगळ्यांना सांगितलं, "हिच्या देशात हिला कुणी शिवलं नसतं."

मी नागपूरची. फार्मसी शिकून इथं आलेली. शिवाशिव काय असते ते आता हिनं मला सांगायचं? माझ्या बापानं मला मान वर ठेवून बोलायला शिकवलं होतं. त्या दिवशी मी मान खाली घालून थँक्यू म्हटलं. त्याची चीड अजून जात नाही.

मग दर वर्षी तेच. आणि दर रविवारी जेवणानंतर ॲपल-पाय खाताना तिच्या आठवणी. तिचे वडील भारतात मिशनरी होते. "किती गोड माणसं! आमच्या जीपमागं धावायची. मला सांभाळणारी आया तर माझ्या पलंगाशी जमिनीवर झोपायची." सगळं घर हळवं व्हायचं. मला तिडीक यायची. तिच्या आठवणींत आमच्यातलं कुणी कधी खुर्चीवर बसलेलंच नाही.

यंदा माझी लेक पहिल्यांदा त्या गुरुवारी बसणार होती. सासूनं जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, "नातीचे पाय मीच धुणार. आईचे धुतले तसे."

"मग ती तुमचे धुईल," मी म्हटलं.

"लहान आहे ती. काय गरज?"

गाडीत नवरा म्हणाला, "लेट इट गो. मॉम तशीच आहे."

"मग मीही अशीच आहे," मी म्हटलं.

गुरुवारी सासू खुर्चीवर बसली आणि लेकीच्या आधी मीच तिच्यासमोर गुडघे टेकले. वाद्यांशिवाय गाणं चाललं होतं. मी हात पुढं केला.

"पाय द्या, मॉम."

तिनं पाय खुर्चीखाली ओढून घेतले. हसून म्हणाली, "तुझं प्रेम पोचलं गं मला."

"प्रेम नाही. पाय मागितलेत."

शेजारची बाई गाता गाता थांबली. सासूचे पाय काही बाहेर आले नाहीत. लेकीनं एक मोजा काढला होता, तो तिच्या हातातच राहिला.

"ग्रँडमा, व्हाय वोन्ट यू लेट हर?"

सासूनं स्कर्ट मोज्यांवर ओढून घेतला. मी लेकीला मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मोजा घाल."

तिनं घातला.

चर्च मी सोडणार नाही. दर वर्षी या गुरुवारी येईन, सासूसमोरच बसेन, बूट घालून. तिचे मोजे निघत नाहीत तोवर माझ्या लेकीच्या पायाला त्या टबातलं पाणी लागणार नाही.