न्हाणीघरातले पेशंट

आमच्या वरच्या मजल्यावरचे शेजारी बियाणं कंपनीत साहेब आहेत. माणसांशी बोलायचा त्यांना कंटाळा. पण घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत माशांच्या अंगावर परजीवींचे पांढरे ठिपके उठले आणि साहेबांनी रजाच टाकली. मासे न्हाणीघरातल्या टबात हलवले, त्यात तांब्याचं औषध घातलं आणि स्वतः आंघोळीला टॉवेल घेऊन आमच्याकडे येऊ लागले.

"वहिनी कुठायत?" मी विचारलं.

"माहेरी गेली. मासे बरे होईस्तोर येत न्हाई म्हणली."

त्यातला पिवळा मासा काही खात नव्हता. साहेबांचाही चेहरा उतरला होता. एका सकाळी ते धडाधड जिना उतरून आले. "खाल्लं! पिवळ्यानं खाल्लं!" म्हणत त्यांनी मला घट्ट मिठी मारली. मिठी सोडल्यावर माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "तुमचं नाव काय हो?"